तेरावी मांडणी

माझ्या टेबलाच्या खणात एक आंतरदेशीय पत्र जवळजवळ दीड वर्ष पडून होते. 2006 च्या पावसाळ्यात ते अभ्यासकेंद्रामार्फत माझ्याकडे आले. लिहिणारे गृहस्थ एका तालुक्याच्या गावी वायरमन होते, वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. नोकरी सांभाळून मराठी घेऊन बी. ए. करीत होते आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत होते. एवढा परिचय करून देऊन त्यांनी मुद्दा मांडला होता. वृत्तविचारावरील माझ्या घटकात सहा मात्रांच्या चरणखंडाच्या बारा मांडण्या होतात असे म्हटले आहे आणि त्या बाराही दिल्या आहेत. परंतु त्या तेरा होतात. राहिलेली मांडणी लघु, गुरू, गुरू, लघु अशी आहे. उदाहरणादाखल त्यांनी दोन शब्द दिले होते : ‘मला सांग’.

खाली अदबीने लिहिले होते, ‘माझे काही चुकत असल्यास मॅडमनी कृपया कळवावे.’

मी कळवले नाही. त्या वेळी मनात काय आले ते आज स्पष्ट आठवते, आणि ते फारसे शोभनीय नाही. भाषाविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या प्राध्यापिकेला एक पखवाज वाजवणारा विद्यार्थी मात्रा मोजायला शिकवतो, हा पहिला विचार; त्यांनी मोजण्यात काहीतरी घोटाळा केला असेल, हा दुसरा. तपासून पाहावे हा विचार तिसरा यायला हवा होता. तो आला नाही. परीक्षेच्या कामांचे दिवस होते, अशी सबब मी स्वतःला दिली आणि खण बंद केला.

ज्या माणसामुळे तो खण पुन्हा उघडला, त्याच्याविषयी हा लेख आहे. तो गणिती आहे, संगणकशास्त्रज्ञ आहे आणि अमेरिकेत राहतो. मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत त्याचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसे वाटले असते.

डोनाल्ड कनूथ हे नाव मी प्रथम ऐकले ते 1990 नंतरच्या काही वर्षांत, प्रबंध लिहीत असताना. प्रबंधात मराठी उदाहरणे, खाली त्यांचे रोमन लिप्यंतर, त्याखाली व्याकरणिक खुणा, असा तिहेरी पसारा होता. त्या काळच्या मराठी फाँटांत एक जोडाक्षर नीट आले की दुसरे बिघडे. एका मित्राने फ्लॉपीवर ‘टेक’ नावाची अक्षरजुळणीची प्रणाली आणून दिली. तिच्यासाठी हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांनी देवनागरी अक्षरे तयार केली होती. मजकूर रोमन अक्षरांत टंकित करायचा आणि तो कागदावर देवनागरीत उतरायचा. सुरुवातीस वैताग आला, पण पहिले पान छापून हातात आले तेव्हा ते खरोखरच पुस्तकाच्या पानासारखे दिसत होते. ही प्रणाली एकट्या माणसाने रचली आणि कोणालाही फुकट वापरू दिली, हे कळल्यावर कुतूहल वाटले. पण तेव्हा प्रबंध पुरा करायची घाई होती.

त्यांच्या आडनावातील आरंभीचा ‘क’ इंग्रजीच्या सवयीने गिळायचा नसतो. तो उच्चारायचा असतो, असे ते स्वतः आवर्जून सांगतात. ‘टेक’ या नावातील शेवटचे अक्षरही रोमन नसून ग्रीक आहे. कला आणि तंत्र या दोहोंसाठी ग्रीक भाषेत जो एकच शब्द होता, त्याच्याशी त्यांनी हे नाव जोडले आहे. ज्याला आपल्या प्रणालीच्या नावाची व्युत्पत्ती आणि उच्चार यांची एवढी फिकीर आहे, तो माणूस अर्धा आपल्यांतलाच आहे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

कनूथ यांचा जन्म 10 जानेवारी 1938 रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी येथे झाला. वडील लूथरपंथीय शाळेत हिशेबलेखन शिकवीत आणि जोडीला घरगुती छापखाना चालवीत. मुलगा आठवीत असताना एका मिठाईच्या कंपनीने स्पर्धा ठेवली : ‘झीग्लर्स जायंट बार’ या नावातील अक्षरांपासून जास्तीत जास्त शब्द बनवा. मुलाने पोटदुखीचे सोंग घेऊन शाळा बुडवली आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसला. त्याने साडेचार हजारांहून अधिक शब्द काढले. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत सुमारे अडीच हजारच होते. शब्द सुचतील तसे लिहीत जाण्याचे हे काम नव्हते. हाती असलेल्या अक्षरांतून काय निघू शकते आणि काय नाही, हे कोशाच्या पहिल्या पानापासून क्रमाने तपासत जाणे होते. काहीही सुटू नये म्हणून यादी कशी करावी, हा प्रश्न पुढे त्यांच्या आयुष्याचाच विषय झाला.

1956 मध्ये ते क्लीव्हलंडच्या केस तंत्रशिक्षण संस्थेत पदार्थविज्ञान शिकायला गेले. तिथे त्यांना आयबीएम 650 हा संगणक भेटला आणि पदार्थविज्ञान मागे पडून ते गणिताकडे वळले. 1960 मध्ये संस्थेच्या अध्यापकांनी खास ठराव करून त्यांना पदवीबरोबरच पदव्युत्तर पदवीही दिली. 1963 मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेतून मार्शल हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच अध्यापनास आरंभ केला. 1968 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि 1974 मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक. चरित्रकोशातील नोंद येथे संपेल. मला ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्या या तारखांच्या अधेमधे आहेत.

एक म्हणजे 1961 सालचा त्यांचा मधुचंद्र. या प्रवासात नवरदेवाने नोम चॉम्स्की यांचे ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ हे पुस्तक बरोबर घेतले होते. आमच्या विषयाचा हा आधारग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला होता. भाषेतील वाक्ये मोजक्या नियमांतून निर्माण होतात आणि त्या नियमांचे गणितासारखे काटेकोर वर्णन करता येते, ही त्यातील मांडणी कनूथ यांना अद्भुत वाटली. संगणकाला सूचना देण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा तेव्हा घडत होत्या, त्यांना हे शास्त्र जसेच्या तसे लागू पडत होते. नववधूला काय वाटले असेल, ते सांगण्याचा मला अधिकार नाही.

1965 मध्ये त्यांनी या विषयावर जो निबंध लिहिला, तो मी पुढे गणिताच्या सहकाऱ्याच्या मदतीने वाचला. प्रश्न साधा आहे. वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत जायचे, मागे फिरायचे नाही, पुढचे फार तर ठरावीक संख्येने शब्द डोकावून पाहायचे आणि कोणता शब्द कोणाशी बांधला आहे हे जागच्या जागी ठरवत जायचे. कोणत्या प्रकारच्या व्याकरणात हे शक्य होते? ‘लहान मुलांचे कपडे’ हा आपला साधा शब्दसमूह घ्या. लहान कोण, मुले की कपडे? पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय, कधी कधी ऐकूनही, हे ठरत नाही. आपण माणसे अशा संदिग्धतेत सुखाने नांदतो. यंत्राला ती परवडत नाही. कनूथ यांनी ज्या व्याकरणांत असे मागे फिरावे लागत नाही त्यांचा एक मोठा वर्ग दाखवून दिला आणि ते वाचन वाक्याच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेते हे सिद्ध केले. भाषाविज्ञानाच्या किती प्राध्यापकांनी हा निबंध वाचला आहे, हा प्रश्न मी आमच्या परिसंवादांत विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे.

या व्याकरणांचे नियम लिहिण्याची जी पद्धत रूढ आहे, तिला जॉन बॅकस आणि पेटर नाउर या दोघांचे नाव द्यावे असे 1964 मध्ये कनूथ यांनीच सुचवले. 1967 मध्ये इंगरमन या संगणकतज्ज्ञाने पत्र लिहून तिला पाणिनी आणि बॅकस यांचे नाव द्यावे असे म्हटले, कारण अष्टाध्यायीत नियमलेखनाची तशीच ताकद दिसते. या एका पत्राच्या आधारावर आपल्याकडे ‘पाणिनीने संगणक शोधला’ इथपर्यंत मजल जाते. पाणिनीला असल्या दाखल्याची गरज नाही, असे माझे मत आहे. त्याने जे केले ते पुरेसे मोठे आहे, आणि त्याचे नाव घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याची दहा सूत्रेही सोडवलेली नसतात.

दुसरी गोष्ट त्यांच्या ग्रंथाची. 1962 मध्ये, म्हणजे डॉक्टरेटही झालेली नसताना, एका प्रकाशनसंस्थेने त्यांना पुस्तक लिहिण्याविषयी विचारले. त्यांनी बारा प्रकरणांचा आराखडा केला. 1965 पर्यंत हाताने लिहिलेली सुमारे तीन हजार पाने झाली. आपल्या हस्ताक्षरातील पाच पानांचे छापील एक पान होईल असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात दीड पानाचेच एक पान होत होते, आणि प्रकाशकाने कळवले की पुस्तक दोन हजार पानांचे होईल. तेव्हा एकाचे सात खंड करायचे ठरले. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड 1968, दुसरा 1969 आणि तिसरा 1973 मध्ये आला. चौथ्या खंडाचा पहिला भाग यायला 2011 साल उजाडले. दुसरा भाग 2022 मध्ये आला.

मधल्या अडतीस वर्षांतील बरीच वर्षे अक्षरांनी खाल्ली. 1977 मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली, ती पाहून कनूथ खट्टू झाले. शिशाच्या खिळ्यांची जुनी जुळणी जाऊन नवी छायाजुळणी आली होती आणि गणिताची पाने कुरूप दिसत होती. छापखानेवाल्याचा मुलगा तो. त्याने आपले मोठे काम बाजूला ठेवले आणि पाने सुंदर जुळवणारी प्रणाली आपणच लिहायची ठरवली. वर्षभरात संपेल असे वाटलेल्या या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. त्यातून ‘टेक’ आली, अक्षरे रेखण्यासाठी ‘मेटाफॉन्ट’ आली आणि त्या वाटेने माझ्या प्रबंधातील देवनागरीही आली.

याहून मोठी गोष्ट मला पुढची वाटते. ‘टेक’ लिहिताना झालेली प्रत्येक चूक त्यांनी वहीत तारीखवार नोंदवली, तिचे प्रकार पाडले आणि 1989 मध्ये आठशेंहून अधिक चुकांची ती संपूर्ण यादी लेखासह प्रसिद्ध केली. कुठे विसर पडला, कुठे बावळटपणा झाला, कुठे मुळातला विचारच फसला, हे सगळे नावानिशी. आपण शुद्धिपत्र छापतो ते पुस्तकाच्या शेवटी, बारीक टंकात, आणि त्यातही ‘मुद्रणदोष’ म्हणून. म्हणजे अपराध नेहमी खिळे जुळवणाऱ्याचा.

आणि त्यांच्या ग्रंथात चूक दाखवणाऱ्या पहिल्या वाचकाला ते 2 डॉलर 56 सेंटचा धनादेश स्वतःच्या सहीने पाठवीत. संगणकाला प्रिय असलेल्या सोळाच्या पायावरील मोजणीत 256 म्हणजे शंभर, म्हणून हा आकडा. बहुतेकांनी ते धनादेश वटवले नाहीत, चौकटीत घालून भिंतीवर लावले. बँकखात्यांच्या फसवणुकीचे प्रकार वाढल्यामुळे 2008 पासून ते एका काल्पनिक देशातील काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले, तरी मिळवणाऱ्यांचा आनंद ओसरला नाही.

आता खणाकडे वळते. 2007 च्या अखेरीस गणित विभागातील माझ्या त्याच सहकाऱ्याने कनूथ यांच्या पहिल्या खंडाची 1997 ची आवृत्ती माझ्यापुढे उघडून ठेवली. ‘हे तुमच्या प्रांतातले आहे,’ ते म्हणाले. पान फिबोनाची या इटालियन गणितीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांविषयी होते. कनूथ यांनी तिथे नोंदवले आहे की फिबोनाचीच्या आधीच भारतीय पंडित एक मात्रा आणि दोन मात्रा यांच्यापासून होणाऱ्या लयबंधांचा विचार करीत होते, आणि गोपाळ (1135 पूर्वी) व हेमचंद्र (सुमारे 1150) यांनी या संख्या स्पष्टपणे दिल्या आहेत. पुढे तो क्रम होता : 1, 2, 3, 5, 8, 13, 21.

एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा... मी बोटाने मोजत गेले. सहाव्या जागी 13 होते.

कारण किती सोपे आहे पाहा. सहा मात्रांची कोणतीही मांडणी एक तर लघूने संपेल किंवा गुरूने. लघूने संपणारी असेल तर त्याआधी पाच मात्रा राहतात आणि त्यांच्या आठ मांडण्या होतात. गुरूने संपणारी असेल तर आधी चार मात्रा राहतात आणि त्यांच्या पाच. आठ आणि पाच मिळून तेरा. पाचांसाठीही हाच नियम, चारांसाठीही हाच. हेमचंद्राच्या आधी विरहांकाला तो ठाऊक होता. आपल्या छंदःशास्त्रात तर याची नावे ठरलेली आहेत : सगळ्या मांडण्या क्रमाने लिहिणे म्हणजे प्रस्तार, त्या किती हे सांगणे म्हणजे संख्या, मधली एखादी पुसली गेली तर तिच्या क्रमांकावरून ती पुन्हा उभी करणे म्हणजे नष्ट, आणि हाती आलेल्या मांडणीचा क्रमांक सांगणे म्हणजे उद्दिष्ट. हे चारही शब्द मी त्या घटकात व्याख्यांसह लिहिले होते. व्याख्या देऊन झाल्यावर मात्र प्रस्तार मी सुचेल तसा लिहिला, शेवटी ओळी मोजल्या आणि आलेला आकडा संख्या म्हणून छापला. दोन गुरू आणि दोन लघू यांच्या सहा मांडण्यांपैकी पाचच माझ्या हाताला लागल्या होत्या.

कनूथ यांनी चौथ्या खंडासाठी मांडण्यांच्या याद्या करण्याचा जगभरचा इतिहास लिहिला आहे. त्याची पुस्तिका 2006 मध्ये आली, ती मी त्यानंतर वाचली. त्यात पिंगल आहे, 1356 मध्ये ‘गणितकौमुदी’ लिहिणारा नारायण पंडित आहे आणि ‘संगीतरत्नाकर’कर्ता शार्ङ्गदेवही आहे. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. म्हणजे आजच्या दौलताबादच्या किल्ल्याखाली बसून तेराव्या शतकात एक माणूस स्वरांचे आणि तालांचे प्रस्तार मांडत होता. मी तो किल्ला सहलीच्या मुलींबरोबर चार वेळा चढले आहे. शार्ङ्गदेवाची आठवण मला एकदाही झाली नव्हती; ती कॅलिफोर्नियातून व्हावी लागली.

मग मला कळले की त्या वायरमन विद्यार्थ्यांना तेरावी मांडणी कशी सापडली असेल. मी कागदावर आडव्या आणि वक्र खुणा करीत होते. त्यांनी ती हाताने वाजवून पाहिली असणार. एक हलका, दोन लांब, एक हलका : हा बोल ज्याच्या बोटांत आहे, त्याला तो यादीत नसल्याचे लगेच ऐकू आले असणार.

त्या रात्री पत्र लिहायला बसले. चार मसुदे फाडले. पहिल्यात मी चुकीचे खापर छपाईवर फोडले होते. दुसऱ्यात विलंबाची कारणे इतकी होती की चूक शेवटच्या ओळीत ढकलली गेली. तिसऱ्यात मी गोपाळ, हेमचंद्र आणि विरहांक यांच्यावर व्याख्यान दिले होते. चौथा कशामुळे फाडला ते आठवत नाही. पाचव्यात एवढेच होते : तुमचे बरोबर आहे, माझे चुकले, पत्राला दीड वर्ष उत्तर दिले नाही, हेही चुकले, पुढील मुद्रणात दुरुस्ती होईल. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन त्यांच्या नावे 13 रुपयांची मनीऑर्डर केली. खिडकीवरच्या बाईंनी रक्कम पुन्हा विचारली. मनीऑर्डरीच्या संदेशात ‘चूक दाखवल्याबद्दल’ असे लिहिले.

कनूथ यांनी 1 जानेवारी 1990 पासून ईमेल वापरणे सोडले आणि 1993 च्या आरंभी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नोकरीही लवकर सोडली, ती उरलेले खंड लिहून व्हावेत म्हणून. अठ्ठावीस विद्यार्थी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाले होते, मानाची पदे होती. मी आज त्याच वयाची आहे आणि समित्यांच्या इतिवृत्तांखेरीज वर्षभरात काय लिहिले असे कोणी विचारले तर गडबडते. त्यांच्यासारखे नोकरी सोडणे मला परवडणार नाही, तुम्हां बहुतेकांनाही नाही. तुम्ही तर रात्री दिवा लावून, नोकरी आणि घर आटोपून या पुस्तिका वाचता. तेव्हा तो दाखला मी देत नाही. मात्र त्यांचे काम एकट्याने चाललेले नाही, हे लक्षात घ्या. जगभरचे वाचक पत्रांनी त्यांच्या ओळी तपासत आले आहेत. ‘टेक’च्या आवृत्त्यांना तर ते पाय या संख्येचे अंक एकेक वाढवत क्रमांक देतात, 3.14, 3.141 असे, आणि आपल्या मृत्यूनंतर आवृत्तीचा क्रमांक पाय हाच करावा, उरलेल्या चुका तशाच राहू द्याव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

मनीऑर्डरीनंतर बारा-तेरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. विद्यार्थी तोवर उत्तीर्ण झाले होते. वृत्तविचाराच्या प्रश्नाला ‘तेरा’ हे उत्तर लिहिल्यामुळे त्यांचा एक गुण गेला होता, हे त्यांनी तक्रार म्हणून नव्हे तर माहिती म्हणून कळवले होते. मी तो गुण परत मिळवून देण्याची खटपट केली. मुदत उलटून गेली होती. पैसे मिळाले, त्यातून मंडळासाठी उदबत्त्या घेतल्या, असे लिहिले होते. पुढे विचारले होते की सोळा मात्रांच्या किती मांडण्या होतील, कारण त्यांनी त्या लिहायला घेतल्या होत्या आणि वही संपली होती. 1597, असे मी उत्तरी कळवले. या वेळी नियमाने काढून, आणि दोनदा तपासून.

कार्डाच्या कडेला, पत्त्याशेजारच्या अरुंद जागेत, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : ‘घटक 3 मधील मात्रा मोजण्याचे पान पुन्हा पाहावे. चौथ्या उदाहरणात अनुस्वार मोजलेला नाही असे वाटते.’

मी पुस्तिका काढली. मोजलेला नव्हता.